यावरून सांगता येत नाही

पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली तांबूस लाल डाग होता. मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या सभागृहात टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून मी तो शर्ट ठेवला आणि भोवती जमलेल्या सहावी-सातवीच्या मुलांना एवढंच विचारलं, "हे काय आहे?" एका सुरात उत्तर आलं, "रक्त!" कोणाचं असेल, कसं लागलं असेल, भोसकलं असेल की पडून लागलं असेल, याच्या गोष्टीही दोन मिनिटांत तयार झाल्या. मग मी एका मुलीच्या हातात लिंबाची फोड दिली आणि डागावर पिळायला सांगितलं. लाल डाग बघता बघता पिवळा झाला. सभागृह गप्प झालं. मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "अय्या, हे तर वरण आहे!"

वरणच होतं. आदल्या दिवशी जेवताना मुद्दाम सांडलेलं, आणि वर साबण चोळलेला. हळदीतलं रंगद्रव्य साबणातल्या किंवा चुन्यातल्या अल्कलीशी मिळालं की लाल होतं, लिंबाच्या आम्लाशी मिळालं की पुन्हा पिवळं. शाळेच्या पुस्तकात याला 'दर्शक' म्हणतात आणि दर्शकाची व्याख्या दोन गुणांना येते. घरात धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला हा लाल डाग माहीत असतो. मुलांनीही तो पाहिलेला असतो, पण तो आणि पुस्तकातला दर्शक एकच आहेत हे त्यांना कोणी जोडून दाखवलेलं नसतं.

गेली काही वर्षं मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत मी मुलुंड, घाटकोपर, बोरिवली भागात मुलांसाठी गुन्हेतपासाच्या विज्ञानाचे वर्ग घेतो. कधी शाळेत, कधी सोसायटीत, एकदा तर गणपतीच्या मंडपात. सुरुवात नेहमी याच शर्टाने. मुलं 'सी. आय. डी.'मधल्या डॉक्टर साळुंखेंना ओळखून आलेली असतात. ही मालिका 1998 पासून 2018 पर्यंत चालली. त्यातली बहुतेक वर्षं या मुलांचा जन्मही झाला नव्हता किंवा ती अगदी लहान होती, पण मोबाइलवर तिचे तुकडे सगळ्यांनी पाहिलेले. त्यात परीक्षानळीत थेंब टाकला की रंग बदलतो आणि खुनी सापडतो. आमच्या वर्गात रंग बदलला आणि खूनच नाहीसा झाला. तो अनुभव पहिल्या दहा मिनिटांत यायला हवा, नाहीतर पुढचे तीन दिवस मुलं फक्त चोर शोधत बसतात.

सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्याच्या विद्यानगरीत, राज्य सरकारची मोठी प्रयोगशाळा आहे. तिच्या पाटीवर जो शब्द आहे तो मी फळ्यावर लिहितो: न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. मुलांना विचारतो, ही प्रयोगशाळा कोणाची सहायक? बहुतेक जण म्हणतात, पोलिसांची. पुन्हा वाचा म्हटलं की कोणीतरी थांबतं आणि म्हणतं, "न्यायाची." इंग्रजी 'फॉरेन्सिक'च्या मुळाशी रोमन लोकांचा चव्हाटा आहे, जिथे सगळ्यांसमोर खटले चालत. आपल्या भाषेने केलेला शब्द मला त्याहून नेमका वाटतो. ही प्रयोगशाळा राज्याच्या गृहखात्याखाली येते, नमुने तिच्याकडे पोलीसच पाठवतात, तरी तिने बांधील कोणाशी राहायचं ते तिच्या नावातच लिहून ठेवलं आहे.

या कामाची मुंबईतली परंपरा जुनी आहे. सरकारी रसायन विश्लेषकाची प्रयोगशाळा मद्रासला 1849 मध्ये, कलकत्त्याला 1853 मध्ये, आग्र्याला 1864 मध्ये आणि मुंबईत 1870 मध्ये सुरू झाली. तेव्हाचं मुख्य काम विषांचं. सोमल, धोतरा, अफू. पोटातल्या अवशेषांत विष आहे की नाही हे सांगणाऱ्या त्या साहेबाला 'केमिकल अ‍ॅनालायझर' म्हणत आणि आजही आपल्या पोलीस ठाण्यांत आणि कोर्टांत प्रयोगशाळेच्या अहवालाला 'सीए रिपोर्ट'च म्हणतात. "व्हिसेरा राखून ठेवला आहे, सीए रिपोर्ट आलेला नाही" हे वाक्य आपण वर्तमानपत्रात शेकडो वेळा वाचलेलं असतं. त्या दोन अक्षरांमागे दीडशे वर्षं उभी आहेत, हे सांगितलं की मुलं पेन खाली ठेवून ऐकतात.

पण मुलांना सगळ्यात जास्त जे येत नाही, आणि जे शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, ते रसायनशास्त्र नव्हे. ते लिहिणं. तपासात याला पंचनामा म्हणतात. हा शब्द मराठी घरात सगळ्यांना माहीत असतो. गारपीट झाली की तलाठी पंचनामा करतो, अपघात झाला की हवालदार करतो. त्यात काय लिहायचं असतं? जे दिसतं ते, जिथे दिसतं तिथे, मोजून. काय लिहायचं नसतं? जे वाटतं ते.

दिवाळीच्या सुट्टीतलं आमचं घटनास्थळ असं असतं: सभागृहाच्या कोपऱ्यात फराळाचा स्टीलचा डबा, झाकण अर्धवट उघडं. चकल्या कमी. दाराजवळची रांगोळी एका बाजूने विस्कटलेली आणि त्यात बुटाचा अर्धा ठसा. जमिनीवर बेसनाच्या लाडवाचा चुरा. खुर्चीवर एक चिठ्ठी, काळ्या स्केचपेनने लिहिलेली, "मी परत येईन." चार-चार मुलांचे गट करतो. प्रत्येक गटात एक मोजणारा, एक लिहिणारा, एक चित्र काढणारा आणि एक फक्त बघणारा. चित्राला पोलिसांचाच शब्द वापरतो, नजरी नकाशा. दारापासून डबा किती फूट, ठशाचं तोंड कुठल्या दिशेला, उत्तर कुठे. पहिला अर्धा तास कोणी कशाला हात लावायचा नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला चकलीच्या डब्याजवळ अर्धा तास हात मागे बांधून उभं करणं ही सोपी गोष्ट नाही, पण ती जमते.

पहिला पंचनामा हमखास असा येतो: "चोराने घाईघाईत डबा उघडला आणि चकल्या चोरून तो दारातून पळाला." मी ओळीखाली रेघा ओढत जातो. चोर होता हे कुठे दिसलं? घाईघाईत हे कशावरून? चोरल्या, की घरच्यांनीच खाल्ल्या? पळाला, की चालत गेला? तो, की ती? शेवटी उरतं ते एवढंच: "डब्याचं झाकण सुमारे तीन बोटं उघडं आहे. डब्यात सात चकल्या आहेत." मुलांना हे आधी फार रूक्ष वाटतं. मराठीच्या तासाला त्यांना नेमकं उलटं शिकवलेलं असतं, निबंध फुलवून लिहा. मी फुलवण्याच्या विरोधात नाही. पण दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवता येणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि आपल्या शाळेत तिचा तास कुठेच नाही.

मग हात लावायची परवानगी मिळते.

ठशांचं काम मुलांना सर्वांत प्रिय. साधी टू-बी पेन्सिल कागदावर घासून काळा चौकोन करायचा, त्यावर बोट टेकवायचं, मग बोटावर सेलोटेप लावून उचलायची आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायची. शाईचा पसारा नाही आणि ठसा इतका स्वच्छ येतो की भिंगाखाली रेघांचे फाटे मोजता येतात. आजीने सांगितलेले शंख आणि चक्र इथे भेटतात. ज्याला चक्रं जास्त तो भाग्यवान, असं घरोघर सांगतात. तपासाच्या शास्त्रातही आकार तेच: शंख, चक्र आणि तिसरी कमान. चाळीस मुलांची चारशे बोटं मोजून तक्ता केला की जगभरच्या आकड्यांच्या आसपासचंच उत्तर येतं. साठ-पासष्ट टक्के शंख, तीस-पस्तीस टक्के चक्र, कमानी पाचेक टक्के. वर्गात जुळी भावंडं असली तर त्यांची बोटं शेजारी शेजारी लावतो. चेहरे सारखे, ठसे वेगळे. या रेघा आईच्या पोटात असतानाच उमटतात आणि जुळ्यांच्याही त्या सारख्या उमटत नाहीत.

डब्यावरचा न दिसणारा ठसा उठवायला टाल्कम पावडर आणि मेकअपचा मऊ ब्रश पुरतो. पण मुंबईत हे काम हवामान बघून करावं लागतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात बोटं घामेजलेली असतात, ठसे ठसठशीत उमटतात. जूनमध्ये बोरिवलीच्या एका वर्गात हवेतल्या दमटपणाने पावडरीचे गोळे झाले आणि ब्रशने ठसेच पुसले गेले. दोन गट रडकुंडीला आले. मी त्यांना तेही पंचनाम्यात लिहायला लावलं: ठसा होता, आमच्या हातून गेला.

कागदावरचे ठसे पावडरीने नीट उठत नाहीत. त्यासाठी पूर्वी सिल्व्हर नायट्रेट वापरत. घामातल्या मिठाशी त्याचा संयोग होतो आणि उजेडात ठसा काळा पडतो. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईतही हेच द्रव्य असतं. हा प्रयोग मी मुलांकडून करून घेत नाही, कातडीवर डाग पडतात. पण आईच्या बोटावरची मतदानाची खूण आणि पोलिसांची प्रयोगशाळा यांच्यात एकच रसायन आहे, ही गोष्ट मुलं घरी जाऊन नक्की सांगतात.

चिठ्ठीचं काम टीपकागदावर. स्केचपेनच्या शाईचा ठिपका द्यायचा, कागदाचं टोक पाण्यात बुडवायचं, पाणी वर चढताना काळ्या शाईतून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग सुटे होतात. टीपकागद नसला तर फळ्याचा खडू पाण्यात उभा केला तरी चालतो. संशयितांचे म्हणून पाच स्केचपेन ठेवलेले असतात. चिठ्ठीच्या शाईचे पट्टे ज्याच्याशी जुळतात तो पेन सापडला की मुलं उड्या मारतात. मग मी त्याच कंपनीचा दुसरा नवा पेन काढतो. त्याचेही पट्टे तसेच. उड्या थांबतात. पट्ट्यांवरून कंपनी कळली. पेन कळला का? पेन कळला तरी लिहिणारा कळला का?

बुटाचंही तसंच. रांगोळीतल्या ठशाची लांबी मोजून कोणीतरी सांगतं, चार नंबरचा शाळेचा काळा बूट. वर्गातल्या अकरा जणांच्या पायांत चार नंबरचा शाळेचा काळा बूट असतो. तळव्याला खडा रुतून पडलेली चीर असली, टाच एका बाजूने झिजली असली, तरच तो बूट एकट्याचा होतो. सगळ्यांची खूण आणि एकट्याची खूण, हा फरक कळायला मोठ्या माणसांनाही वेळ लागतो.

आमच्या फराळाच्या डब्याचं गुपित असं की चोर ठरवता येईल एवढा पुरावा मी तिथे ठेवतच नाही. तिसऱ्या दिवशी गट अहवाल वाचतात तेव्हा बहुतेकांनी कोणाचं तरी नाव लिहिलेलं असतं. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने शेवटची ओळ लिहिली होती, "डबा कोणी उघडला ते यावरून सांगता येत नाही." वाचताना तिचा आवाज कापत होता, कारण बाकीच्या नऊ गटांनी उत्तर काढलं होतं. मी तिला ती ओळ फळ्यावर लिहायला सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक वर्गाच्या शेवटी ती फळ्यावर असते.

मुलांना मग जलपैगुडीची हकीकत सांगतो. 1897 च्या ऑगस्टमध्ये बंगालच्या त्या जिल्ह्यात चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला देह सापडला. पेटी फोडलेली. पेटीतल्या कागदांत एक बंगाली पंचांग होतं आणि त्यावर तपकिरी डाग. त्याच वर्षी जूनमध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं होतं. तिथे ठसा जुळला तो पूर्वी चोरीबद्दल शिक्षा झालेल्या, मळ्यावर काम केलेल्या कांगाली चरणच्या उजव्या अंगठ्याशी. 1898 मध्ये खटला चालला. कोर्टाने काय केलं असेल? मुलं म्हणतात, फाशी. कोर्टाने त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाची नाही. अंगठ्याने एवढंच सांगितलं होतं की त्याने पंचांगाला हात लावला. सुरी कोणाच्या हातात होती हे अंगठा सांगत नव्हता. ठशांच्या पुराव्यावर झालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या शिक्षांमधली ही एक, आणि तिच्यातच पुराव्याची मर्यादा कोर्टाने आखून दिली. मुलांसाठी याहून चांगली गोष्ट मला अजून सापडलेली नाही.

त्या कार्यालयातली वर्गवारीची पद्धत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी बसवली. दहा बोटांच्या ठशांची 1024 खणांत विभागणी करण्याचं गणित हकांचं. जगभर ती पद्धत त्यांच्या साहेबाच्या नावाने, हेन्रीच्या नावाने गेली. हेही मुलांना सांगतो, कारण आपल्याकडे निरक्षर माणसाला 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणवायची सवय आहे आणि सहीपेक्षा अंगठा किती पक्का हे जगाला आपल्याच लोकांनी शिकवलं आहे.

याच्या आधीची गोष्ट महाराष्ट्राच्या गावांतली. रामोशी गावाची राखण करत. चोरी झाली की माग काढायचा, म्हणजे मातीतल्या पावलांवरून, मोडलेल्या काडीवरून, उलटलेल्या दगडावरून वाट शोधायची आणि तो माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायचा. दाखवता आला नाही तर नुकसान भरून द्यायची जबाबदारी राखणदारावर येई. पारध्यांची जनावराचा माग काढण्यातली नजर आजही जंगलात काम करणारे वाखाणतात. ठसे वाचणारे हे लोक. आणि इंग्रजांनी 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा करून, पुढे तो मुंबई इलाख्यात आणून, पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. त्यांना हजेरी लावली, आणि 1911 च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायची मुभा सरकारला दिली. गुन्हा घडायच्या आधीच आरोपी ठरलेला. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. संशय गेला नाही. आजही वस्तीजवळ चोरी झाली की पहिली धाड कोणाच्या पालावर पडते ते ग्रामीण भागातला वाचक जाणतो.

हा इतिहास बारा वर्षांच्या मुलांना सांगावा का, असं एका पालकाने मला विचारलं. सांगावाच. ठशांचं शास्त्र शिकवायचं आणि ते कोणावर वापरलं गेलं ते लपवायचं, हे मला जमणार नाही. त्यामागे माझं स्वतःचं एक कारण आहे.

मी घाटकोपरच्या एका शाळेत पाचवीत असताना वर्गातल्या एकाचा नवा कंपास हरवला. बाईंनी विचारलं, कोणी घेतला? कोणी बोललं नाही. मग बाईंनी चाळीस जणांपैकी एकाचंच दप्तर उघडलं. तो डोंगरावरच्या झोपड्यांतून येणारा मुलगा होता, त्याच्या शर्टाला गुंड्या नसायच्या. दप्तरात काही सापडलं नाही. तरी तास संपेपर्यंत त्याला उभं ठेवलं. दोन दिवसांनी कंपास कपाटामागे सापडला. त्याची कोणी माफी मागितली नाही. मी पहिल्या बाकावर बसायचो. बाईंनी "कोणावर संशय आहे?" विचारलं तेव्हा त्याच्याकडे बोट करणाऱ्यांत मीही होतो. तो मुलगा पुढच्या वर्षी शाळेत आला नाही. का आला नाही, ते यावरून सांगता येत नाही, आणि हे वाक्य लिहिताना मला त्याचा आधार नाही, ओझं वाटतं.

संशय म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा बोरिवलीच्या मुलांना बिबट्यांवरून शिकवता येतो, कारण त्यांच्या खिडकीतून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान दिसतं. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल, भोवती दाटीचं शहर, आणि आत बिबटे. 2004 च्या उन्हाळ्यात हल्ले वाढले, माणसं मेली, तेव्हा दिसेल तिथे पिंजरे लावून बिबटे पकडले गेले. पकडलेला बिबट्या हल्ला करणाराच आहे का, हे बहुतेक वेळा कोणाला सांगता येत नव्हतं. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून पुढे दिसलं की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले थांबत नाहीत, उलट वाढू शकतात.

मग कॅमेरे आले. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, आपल्या बोटांसारखे. 2015 मध्ये निकीत सुर्वे यांच्या अभ्यासात कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून 35 बिबटे वेगवेगळे ओळखता आले, 2018 च्या मोजणीत 47. डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात, म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे लावावे लागतात. मी मुलांना छायाचित्रांचे छापील कागद देतो आणि जोड्या लावायला सांगतो. पहिल्या पाच मिनिटांत सगळे बिबटे सारखे दिसतात. अर्ध्या तासाने मुलं भांडू लागतात, "नाही सर, याच्या खांद्यावर तीन ठिपक्यांचा त्रिकोण आहे, हा तो नाही." हा तो नाही! मला हे वाक्य ऐकायलाच तिथे जायचं असतं.

पावलांचे साचेही घेतो. ओल्या मातीत कुत्र्याचं, मांजराचं पाऊल शोधायचं, भोवती पुठ्ठ्याचं कडं करायचं आणि दोन वाट्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी घालून ओतायचं. अर्ध्या-पाऊण तासात साचा निघतो. गणपतीच्या कारखान्यांमुळे प्लॅस्टर मुंबईच्या मुलांना नवं नाही. पण घट्ट होताना ते चांगलंच तापतं, त्यात हात बुडवून ठेवायचा नाही, हे दोनदा सांगावं लागतं. आणखी एक नियम सगळ्या प्रयोगांना लागू: चव घ्यायची नाही, वास हुंगायचा नाही. मीठ, पिठीसाखर, खायचा सोडा, तांदळाचं पीठ, रांगोळी आणि कॅरमची बोरिक पावडर या सहा पांढऱ्या चूर्णांतली काही ओळखायला पाणी, व्हिनेगर आणि टिंक्चर आयोडिन पुरे. पिठावर आयोडिन काळंनिळं होतं, सोड्यावर व्हिनेगर फसफसतं. काही रांगोळ्या व्हिनेगरने फसफसतात, काही नाही. ती कोणत्या दगडाची आहे, यावर ते ठरतं.

आता न्यायसहायक विज्ञानाची लाट आली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करायचं आहे. म्हणजे माणसं लागणार. मुंबईत फोर्टच्या विज्ञान संस्थेच्या आवारात 2009 पासून न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, 2020 मध्ये देशात या विषयाचं राष्ट्रीय विद्यापीठ झालं. पालक विचारतात, यात करिअर आहे का? आहे. पण सहावीतल्या मुलाला मी ते सांगायला जात नाही.

उपनगरांतून या नावाची दोन-दोन तासांची शिबिरंही भरू लागली आहेत. त्यांतल्या काहींत मुलांपुढे खोटं रक्त सांडलेलं, खडूने आखलेलं प्रेत, आणि शेवटी खुनी सापडल्याबद्दल प्रमाणपत्र असतं. मला हे मान्य नाही. मृत्यूचा खेळ करायची गरज नाही, चकलीचा डबा पुरतो. आणि प्रत्येक वेळी गुन्हेगार सापडतोच असं मुलांच्या मनावर ठसवणं तर धोक्याचं आहे. 2004 मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयच्या तज्ज्ञांनी एका पिशवीवरचा ठसा ऑरेगनमधल्या ब्रँडन मेफील्ड नावाच्या वकिलाचा ठरवला. दोन आठवडे तो कोठडीत होता. मग स्पेनच्या पोलिसांनी तोच ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवून दिलं आणि मेफील्ड सुटला. जगातले सर्वांत अनुभवी डोळे इथे चुकले. आमच्या वर्गात हे सांगतो तेव्हा कोणीतरी विचारतंच, "मग ठसे खोटे का?" ठसे खोटे नव्हते. जुळले असं म्हणायची घाई झाली.

हे शिकवायला मोठी सामग्री लागत नाही हे मुंबईला नवीन नाही. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद 1966 पासून हातांनी करून शिकण्याचा आग्रह धरत आली आहे. शिक्षकांच्या संघटनेने 1981 मध्ये सुरू केलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत लेखी पेपरानंतर प्रत्यक्ष प्रयोगांची फेरी असते. तरी उपनगरांतल्या कितीतरी मराठी शाळांत मी गेलो तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप होतं. भिंगांवर धूळ, बाटल्यांवरची नावं उडालेली. शिक्षकांना दोष देत नाही, त्यांच्या मागे निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं किती असतं ते मी पाहिलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्यातले तीन दिवस या कामाला मिळाले तरी पुष्कळ आहे.

तुम्ही पालक असाल, माजी विद्यार्थी असाल, शेजारी असाल, तर सुट्टी संपून शाळा उघडली की आपल्या भागातल्या शाळेत जा आणि प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. जाताना एक पांढरा शर्ट, साबणाची वडी आणि दोन लिंबं घेऊन जा. हळद कुठल्याही घरात मिळेल.